आई सोलापुरात एकटी राहते: कॅमेरा न लावता घरात लक्ष ठेवणारी यंत्रं कुणी वापरली आहेत का?

होटगीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे.

आई साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. वय ७१. बाबा गेल्यापासून मी आणि धाकटा भाऊ पुण्याला ये म्हणून मागे लागलोय, ती येत नाही. तिचं म्हणणं मला पटतंही. तिथे तिचं भजनी मंडळ आहे, समोरच्या पद्मशाली वहिनींशी अर्ध्या तेलुगूत अर्ध्या मराठीत चालणाऱ्या गप्पा आहेत, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर भाजी आहे. पुण्यात आमच्या सातव्या मजल्यावर तिने काय करायचं?

पण मध्यंतरी पहाटे ती मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, खुब्याला मुका मार. दूधवाल्याने हाका मारेपर्यंत ती तशीच पडून होती. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला.

कॅमेऱ्याला तिचा साफ नकार. "मी घरात कशी वावरते हे तुम्ही पुण्यात बसून बघणार का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनगटावरचं घड्याळ घेऊन दिलं, तर आंघोळीला जाताना ते काढून ठेवते, आणि धोका नेमका तिथेच. हल्ली वायफायवरून, रडारवरून माणूस पडला की कळतं असं वाचतो. हे खरंच घरात चालतं का, की फक्त प्रयोगशाळेत? कुणी वापरलंय का? खर्चाचं बघता येईल, पण आईला त्रास होता कामा नये.

मृदगंध

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त आईच्या जागी सासरे आणि साखर पेठेच्या जागी अक्कलकोट.

लहरी

मी याच विषयात संशोधन करतो आणि मूळचा जुळे सोलापूरचा, त्यामुळे राहवत नाही. सविस्तर लिहितो.

सगळ्यात जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे पीआयआर सेन्सर. जिन्यात पाऊल टाकलं की आपोआप दिवा लागतो, तिथे तोच असतो. अंगातून निघणारे अवरक्त किरण त्याच्या समोरून सरकले की त्याला कळतं. माणूस स्तब्ध बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. म्हणून एकट्याने तो फारसा उपयोगाचा नाही, पण प्रत्येक खोलीत एक, दाराला आणि फ्रिजला चुंबकाचा एकेक, असे लावले की दिनक्रम दिसायला लागतो. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत डायन कुक यांच्या गटाने 'कासास' प्रकल्पात खऱ्या राहत्या घरांमध्ये हेच केलं.

दुसरा वायफायचा. राउटरच्या लहरी भिंतीवर, कपाटावर, माणसावर आपटून पोचतात. माणूस हलला की पोचणारी लहर बदलते. २०११ मध्ये इंटेलच्या एका साध्या वायफाय कार्डातून हे बदल वाचायचं सॉफ्टवेअर खुलं झालं आणि जगभर या विषयावर शोधनिबंधांची रांग लागली. आता काहीशे रुपयांच्या ईएसपी३२ चिपवरही हे वाचता येतं. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने यासाठी ८०२.११बीएफ नावाचं वेगळं मानकही २०२५ मध्ये आणलं.

तिसरा रडारचा, आणि होटगीकर, तुमच्यासाठी हाच. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते. ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५ मिलिमीटर असते, त्यामुळे एवढीशी हालचालही तिला जाणवते. अमेरिकेतल्या एमआयटीत दीना कताबी यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास भिंतीपलीकडची हालचाल टिपून दाखवली, मग अंगाला काहीही न लावता श्वास आणि हृदयाचे ठोके मोजले. २०२२ मध्ये त्यांचं काम 'नेचर मेडिसिन'मध्ये आलं: झोपेतल्या श्वासावरून पार्किन्सन्स ओळखण्याचं. मला स्वतःला या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम हे वाटतं, कारण इथे यंत्र माणसाला पकडायला बसलेलं नाही, डॉक्टरला मदत करतंय.

आता मूळ प्रश्न, घरात चालतं का. 'अचूकता ९९ टक्के' असं लिहिलेलं दिसलं की थोडा हिशेब करा. यंत्र मिनिटाला एकदा ठरवतं असं धरलं तर दिवसाला १४४० निर्णय. ९९.९ टक्के बरोबर आले तरी रोज एखाद-दुसरा खोटा अलार्म. आठवड्याभरात तुम्ही फोन उचलणं बंद कराल, आणि खरा अलार्म तेव्हाच येईल.

डफरीन_चौक

लहरी, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

उन्हाचा_चटका

पीआयआरबद्दल अनुभव सांगतो. विजापूर रोडला वडिलांच्या खोलीत असे दोन लावले होते. जानेवारीत गड्डा जत्रेच्या दिवसांत चोख काम. वडील उठले, बसले, बाहेर गेले, सगळं मला कोल्हापुरात कळायचं. एप्रिल उजाडला आणि यंत्रणा खुळ्यासारखी करायला लागली. दुपारी वडील खोलीत येरझारा घालतायत आणि ॲप म्हणतंय खोलीत हालचाल नाही. बॅटऱ्या बदलल्या, जागा बदलल्या. मग एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने समजावलं: हा सेन्सर माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. आमची ती भिंत पश्चिमेची, वर स्लॅब, बाहेर ४२-४३ अंश. भिंत आणि माणूस जवळपास सारखेच तापलेले, मग फरक कुठून दिसणार? रात्री अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो हे सोलापूरकरांना सांगायला नको.

युरोपातल्या घरात तपासलेली वस्तू इथे मे महिन्यात लावून बघितल्याशिवाय विकायलाच नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहरी

@उन्हाचा_चटका, अगदी बरोबर निदान आहे. रडारला तापमानाचा हा त्रास नाही. पण त्याचा शत्रू वेगळा: छताचा पंखा. पाती सतत फिरतात, रडारला ती हालचालच वाटते, आणि रिकाम्या खोलीतही 'माणूस आहे' असं तो सांगत राहतो. वाऱ्याने हलणारा पडदा, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, तीच गत. सोलापुरात मार्च ते जून पंखा बंद ठेवा असं कोण सांगणार?

गल्ली_नंबर_सात

आणि पाण्याचा दिवस विसरलात सगळे! आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी रात्री दोनला. 'आजी नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी उठल्या, घरभर फिरतायत' म्हणून अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे पुण्या-बंगळुरात एकदम फोन वाजतील 😄

होटगीकर

@गल्ली_नंबर_सात, हसू आलं, पण हे अगदी खरं आहे. आई पाण्याच्या रात्री तीनपर्यंत जागी असते. मोरीतलं पिंप, स्वयंपाकघरातले हंडे, वरची टाकी. उलट त्याच रात्री जमीन ओली असते आणि पडायची भीती सगळ्यात जास्त.

लहरी

विनोद म्हणून लिहिलंय, पण हा आमच्या विषयातला खरा अवघड प्रश्न आहे. दिनक्रम शिकून 'आज वेगळं काय घडलं' हे सांगणारी बहुतेक मॉडेल्स दिवस आणि आठवडा या चौकटीत विचार करतात. सोलापूरच्या घराचा ताल पाण्यावर चालतो, आणि पाणी वार बघून येत नाही. यासाठी पाण्याच्या पाइपला कंपनाचा छोटा सेन्सर लावून 'आज पाणी आलंय' हे मॉडेलला सांगावं लागेल. कुणी सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हे करावं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला यापेक्षा चांगला विषय नाही.

कुमुदिनी

मी ७४ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका, सात रस्त्याजवळ एकटी राहते. वर सगळे मुलांच्या बाजूने लिहितायत, म्हणून त्या चार भिंतींच्या आतून लिहिते.

माझ्या मुलाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता. मला विचारून बसवला, खोटं का बोलू. पण विचारणं कसं, तर "आई, तुझ्या काळजीपोटीच" असं. काळजीपोटी म्हटलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. पुढे काय झालं? मी दुपारी हॉलमध्ये लवंडणं सोडलं. मैत्रिणी आल्या की आम्ही आतल्या खोलीत बसायचो. एकदा चिवडा खाल्ला तर फोन आला, "आई, तेलकट खाऊ नको". त्या दिवशी मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आणि मुलाला सांगितलं की हे काढ.

रडारमध्ये चित्र दिसत नाही हे चांगलंच. पण मी रात्री किती वेळा उठले, मोरीत किती वेळ बसले, कोणत्या दिवशी कॉटवरून उठलेच नाही, हे जर तुमच्या फोनवर आलेखासारखं दिसणार असेल, तर माझ्यासाठी तो कॅमेराच. एकटं राहणाऱ्या बाईला दिवसभर तसंच पडून राहावंसं वाटलं तर त्याचा हिशेब कुणाला का द्यावा?

होटगीकर, तुमच्या आईला यंत्र दाखवू नका. आधी विचारा, "कोणती गोष्ट आम्हाला कळलेली तुला चालेल?" यादी त्यांना करू द्या.

मृदगंध

कुमुदताई, तुमचा प्रतिसाद आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही गप्प झालो.

काळा_कोट

कुमुदताईंच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो.

'कॅमेरा नाही म्हणजे खासगीपणा सुरक्षित' हा समज पहिल्यांदा सोडायला हवा. एमआयटीच्याच गटाने २०१८ मध्ये आरएफ-पोझ नावाचं काम दाखवलं. त्यात कॅमेरा आणि रेडिओ एकत्र चालवून यंत्राला शिकवलं, मग कॅमेरा काढून टाकला, तरी भिंतीपलीकडच्या माणसाच्या सांगाड्याची आकृती नुसत्या रेडिओ लहरींवरून काढता आली. रेडिओ लहर भिंत मानत नाही, म्हणजे शेजाऱ्याची भिंतही मानत नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. पण त्यात एक गोष्ट लक्षात घ्या: एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे मुलगा आईवर नजर ठेवतो तेव्हा हा कायदा आईच्या मदतीला येत नाही. माहिती कंपनीच्या सर्व्हरवर गेली तर कंपनीसाठी संमती, हेतू वगैरे बंधनं या कायद्यात आहेत. घरातल्या घरात मात्र जे काही ठरवायचं ते माणसांनीच.

आणि सेन्सर लावलाच पाहिजे असंही नाही, विजेचं मीटर पुरतं. स्मार्ट मीटर पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाने वापर नोंदवतं. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून घरात काय चाललंय ते कळतं, म्हणून ती घराची झडतीच. ती झडती वाजवी आहे असंही पुढे म्हटलं, तो भाग वेगळा.

शिफ्ट_बी

जरा अवांतर. हे सगळं घरापुरतं नाही. मी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे एक विक्रेता आला होता, म्हणे कामगार जागेवर किती वेळ असतो ते छताच्या सेन्सरवर दिसेल, चेहरा दिसत नाही त्यामुळे कुणी तक्रार करणार नाही. मी मालकांना सांगितलं, घेऊ नका. लंडनमध्ये २०१६ च्या जानेवारीत डेली टेलिग्राफच्या कचेरीत टेबलांखाली असेच सेन्सर बसवले होते, पत्रकारांनी आरडाओरडा केल्यावर काढावे लागले. पत्रकारांचा आवाज ऐकला गेला. लूमवर उभ्या असलेल्या बाईचा कोण ऐकणार?

घरकुल_कुंभारी

मी वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण ही एकट्या माणसाच्या चार खोल्यांची गोष्ट झाली. आमच्या विडी घरकुलात एका खोलीत पाच माणसं. आजी कोपऱ्यात विड्या वळत बसलेली, शेजारी आई, पोरं येतायत जातायत. इथे कुणाचा श्वास कुणाचा हे यंत्राला कसं कळणार? आजी दुपारी एकटी असते ते चार तास सोडले तर.

लहरी

@घरकुल_कुंभारी, अचूक बोट ठेवलंत. एकाहून जास्त माणसं असली की कोण कोणतं हे ओळखणं हा अजून नीट न सुटलेला प्रश्न आहे. म्हणूनच बरेचसे अभ्यास एकटं राहणाऱ्या वृद्धांवर होतात. वर पत्रा असेल तर आणखी एक अडचण, धातूवरून लहरी आरशासारख्या परततात आणि एकाच माणसाच्या दोन-दोन प्रतिमा दिसतात. तुमच्या घरासाठी मी आज कोणतंच रडार सुचवणार नाही. आजीच्या हाताशी ओढायची दोरी आणि शेजारच्या खोलीत घंटा, हे जास्त भरवशाचं.

अजून एक. पडण्याच्या प्रयोगांतली माणसं बहुतेक वेळा तरुण विद्यार्थी असतात आणि ती गादीवर पडतात. म्हातारं माणूस तसं धाडकन पडत नाही. भिंतीला धरत, हळूहळू घसरत खाली बसतं, कधी खुर्चीवरून सरकतं. गादीवरच्या उड्या बघून शिकलेल्या यंत्राला ते 'बसलं' वाटतं. खऱ्या पडण्याची नोंद मिळवायची तर वर्षानुवर्षं घरात यंत्र ठेवून वाट बघावी लागते, आणि तेवढा धीर आणि पैसा फार कमी गटांकडे असतो.

फिजिओ_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज पडलेल्या माणसांबरोबर काम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त.

पडण्याइतकंच पडून राहणंही वाईट. तासभराहून जास्त वेळ कठीण जमिनीवर एकाच कुशीवर पडलं तर दाबाखालचे स्नायू खराब होतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो, शरीरातलं पाणी कमी होतं, कातडीला जखमा होतात. त्यामुळे होटगीकर, 'लवकर कळणं' हा तुमचा हट्ट अगदी योग्य आहे.

पण यंत्राआधी मोरीत दांडा बसवा. आईंच्या खांद्याच्या आणि कमरेच्या मधल्या उंचीला, भिंतीत पक्का गाडून, चिकटवायचा नको. जुन्या मोरीची शहाबादी फरशी असेल तर ती शेवाळून गुळगुळीत होते, तिथे खरबरीत फरशी घाला. कॉटपासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा. आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, पहाटे एकदम उठल्यावर चक्कर येते का. पहाटे पडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना उभं राहताच रक्तदाब उतरतो. कॉटवर पाय खाली सोडून थोडा वेळ बसायचं, मग उठायचं, एवढं शिकवलं तरी फरक पडतो.

कुमुदिनी

फिजिओताई, पाय सोडून बसायचं हे मी आजपासून सुरू करते.

रात्रपाळी

मी सोलापुरातच वृद्धांकडे रात्रीची सोबत म्हणून जाते. ब्यूरोमार्फत. लिहायची सवय नाही पण हा धागा बघून लिहिते.

घरात असं काही लावलेलं असेल तर आम्हालाही सांगा. एका घरी मला ठाऊक नव्हतं. सकाळी मुलीचा परदेशातून फोन, "तुम्ही रात्री दोन ते चार हलल्याच नाहीत." आजींना झोप लागली होती, मी खुर्चीत बसून होते, जागी होते. बसून राहणं हेच तर काम आहे. यंत्राला फक्त हालचाल दिसते, जाग दिसत नाही. त्या आजी मात्र माझ्या बाजूने बोलल्या.

सांगून लावलं तर आमचाही फायदाच आहे. एका काकांच्या पलंगाखाली पट्टी होती, ते उठून बसले की माझ्याकडे बारीक घंटी वाजायची. त्यामुळे ते उभे राहायच्या आत मी पोचायची.

काळा_कोट

@रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. संमतीची चर्चा करताना आम्ही घरात काम करणाऱ्या माणसाला धरतच नाही.

उन्हाचा_चटका

सोबतीच्या ताईंचा मुद्दा मनात राहिला. जपानमध्ये २००१ पासून एक सेवा आहे, झोजिरुशी कंपनीची. चहाच्या पाण्याची विजेची किटली, वापरली की मुलांना संदेश जातो. बस्स एवढंच. आई-वडिलांनी सकाळी चहा केला, म्हणजे ठीक आहेत. ना श्वास, ना चाल. कुमुदताई, हे तुम्हाला चालेल का?

कुमुदिनी

चालेल. चहा मी करतेच, आणि केला हे कळल्याने माझं काही उघडं पडत नाही.

होटगीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कुमुदताईंनी सांगितल्याप्रमाणे आईशी बोललो, फोनवर नाही, शनिवारी सोलापुरात जाऊन. तिने तिची यादी दिली.

मोरीत पडले तर कळलेलं चालेल. सकाळी आठपर्यंत देवापुढचा दिवा लावला नाही (तिथला बल्ब ती स्वतः लावते) तर कळलेलं चालेल. बाकी झोप, उठणं, कोण आलं, काही नको. आणि पहिला फोन मला नको, समोरच्या वहिनींना जाऊ दे. "तू पुण्याहून निघून येईपर्यंत मी काय करू?" हे तिचे शब्द.

दांडा कालच बसवला. आता मोरीसाठी रडार. लहरी, कोणतं आणि कसं लावू?

लहरी

तुमच्या आईंनी आमचं काम सोपं केलं. एवढ्या मर्यादित कामाला यंत्र भरवशाचं होतं. छोटी जागा, एकच माणूस, पंखा नाही.

२४ गिगाहर्ट्झचं तयार मॉड्यूल चालेल, बाजारात सहज मिळतं. ६० चं अधिक बारीक बघतं, पण इथे त्याची गरज नाही. (६० गिगाहर्ट्झच्या परवानगीचा प्रश्न असा होता की २०१९ मध्ये गुगलने पिक्सेल ४ फोन त्यातल्या रडारमुळे भारतात आणलाच नाही.) प्लास्टिकच्या बंद डबीत घाला, वाफ आत जाता कामा नये, प्लास्टिकमधून लहर जाते, धातूच्या डबीतून जाणार नाही. 'पडली' हे ओळखायला लावू नका. 'मोरीत माणूस आहे आणि वीस मिनिटं झाली' एवढंच ठरवू द्या. आंघोळीला जास्त वेळ लागत असेल तर ती मुदत आईंनाच ठरवू द्या. मुदत संपली की आधी मोरीबाहेर घंटी वाजेल, आईंनी बटण दाबलं तर विषय संपला. दोन मिनिटांत दाबलं नाही तरच वहिनींना फोन. असं केलं की खोटे अलार्म घरातल्या घरात जिरतात. हिशेब ईएसपी३२ वरच होऊ दे, नोंद साठवायची नाही, कोणत्याही सर्व्हरवर पाठवायची नाही.

पाण्याच्या रात्री मोरीत ये-जा असते, पण सलग वीस मिनिटं नसावी. असेल तर बटण आहेच.

राउटर आणि हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

गल्ली_नंबर_सात

एक विचारू का? वहिनींना फोन गेला, त्या धावत आल्या. आईंनी आतून कडी लावलेली असेल तर?

होटगीकर

हे सुचलंच नव्हतं. आई आतून कडी आणि वर खिट्टी दोन्ही लावते. दूधवाला आला तेव्हा ती सरपटत दारापर्यंत गेली होती.

घरकुल_कुंभारी

आमच्या काकांच्या वेळी दार फोडावं लागलं होतं. रात्री फक्त लॅच लावायचं, कडी-खिट्टी नाही. लॅच दोन्ही बाजूंनी किल्लीचं घ्या, एक किल्ली वहिनींकडे. आणि आईंना सांगा, आतल्या बाजूने किल्ली अडकवून ठेवायची नाही, नाहीतर बाहेरची फिरत नाही.

फिजिओ_ताई

+१. आणि वहिनींच्या फोनमध्ये १०८ सेव्ह करून द्या. त्यांना हेही सांगा की आईंना दुखत असेल तर काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही. पांघरूण घालायचं, बोलत राहायचं आणि गाडी येऊ द्यायची.

होटगीकर

लॅच उद्याच नव्या पेठेतून आणतो. भाऊ बुधवारी बंगळुरूहून येतोय, जोडणी तो करेल. वहिनींना आईच सगळं समजावून सांगणार आहे, तेलुगूतून. मे महिना निघाला की कसं चाललंय ते इथेच लिहीन.

मृदगंध

नक्की लिहा. अक्कलकोटला सासऱ्यांना यादी करायला सांगितली आहे. पहिलाच मुद्दा त्यांनी लिहिला: "रात्री रेडिओ किती वाजेपर्यंत चालू होता हे कुणाला कळता कामा नये."